अकराव्या प्रकरणात अडलेली वैजू : एका किशोर कादंबरीच्या नायिकेचा प्रकरण अभ्यास

“मॅडम, ही वैजू स्वतः काय करते?”

दहावीतल्या एका मुलीनं हे विचारलं तेव्हा माझ्या हस्तलिखिताची दहा प्रकरणं वाचून झाली होती आणि अकरावं अर्ध्यावर आलं होतं. शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटली की नववी-दहावीच्या चौदा मुली ग्रंथालयाच्या खोलीत थांबायच्या आणि मी त्यांना लिहिलेलं वाचून दाखवायची. त्या दिवशी मी वही मिटली. वैजूवर दोन वर्षं लिहीत होते, पण या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या प्रश्नापासून तिसऱ्या खर्ड्यापर्यंत काय घडलं ते इथं सविस्तर मांडते आहे. वयात येणाऱ्या मुलीवर कादंबरी लिहिणाऱ्यांना आणि वर्गात अशी कादंबरी शिकवणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडावं, अशी इच्छा आहे.

आधी वैजूचं घर. अमळनेर आणि पारोळ्याच्या मधलं एक गाव, नाव मी मुद्दामच दिलेलं नाही. काळी जमीन, पाच एकर, मुख्य पीक कापूस. घरात अप्पा, माय, आजी, मोठा भाऊ आणि वैजू. कादंबरी सुरू होते तेव्हा वैजू पंधरा वर्षांची आहे आणि नववीत जाणार आहे. कादंबरीचा काळ एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या आखाजीपर्यंतचा. हे मला पहिल्यापासून पक्कं होतं. खान्देशात अक्षय्य तृतीयेला जे वजन आहे, ते दिवाळीलाही नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांची घागर भरली जाते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं वर्षही त्याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. आमच्याकडे नाती आणि व्यवहार एकाच दिवशी उंबऱ्यावर येतात. मुलगी वर्षभरात किती वाढली हे मोजायला याहून चांगलं माप मला सापडलं नसतं.

आता पहिला खर्डा. त्यात वैजू हुशार होती. घरचे म्हणत होते, दहावी झाली की बस. तिच्या बाई घरी येतात, अप्पांशी बोलतात, अप्पांचं मन वळतं आणि शेवटच्या पानावर वैजू जळगावच्या एसटीत खिडकीशी बसते. मला तो शेवट फार आवडला होता. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी वही पुन्हा उघडली आणि प्रत्येक प्रसंगापाशी समासात लिहीत गेले, की इथं निर्णय कुणाचा? बाईंचा, अप्पांचा, मामाचा, पुन्हा बाईंचा. दोनशे पानांच्या वहीत वैजूच्या नावापुढं फक्त एक निर्णय होता, रिबिनीच्या रंगाचा. मी वाढ लिहिली असं समजत होते आणि लिहिली होती ती परवानगी. वैजूला सगळं मिळत होतं. त्यातलं तिनं मिळवलेलं काहीच नव्हतं, आणि तिला काही द्यावंही लागत नव्हतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या खर्ड्यातही खरी उतरली होती आणि ती मला तेव्हा दिसली नव्हती. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया कापसाची गाठोडी घेऊन अंगणात येतात, अप्पा ताणकाटा धरतात आणि वैजू वहीत वजन लिहिते. त्या वर्षी मी कादंबरीत वेचणीचा दर किलोला ६ रुपये धरला होता. कुणाचा कापूस साडेअठरा किलो भरला, तर अप्पा म्हणायचे, “अठरा लिख.” वैजू अठरा लिहायची. पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग फक्त गावाचं चित्र उभं करायला घातला होता. माझ्या मुलींपैकी निम्म्या मुली दसऱ्यानंतर आईबरोबर वेचणीला जातात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्ग ओस पडतो, आणि त्यातल्या एकीनं हळूच विचारलं होतं, “तीन रुपये कुणाचे गेले, ते लिहिणार का तुम्ही?” तेव्हा मी हसून पुढं वाचलं. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दुसरा खर्डा मी रागाच्या भरात लिहिला. आता वैजू बोलणार होती. गावातल्या कार्यक्रमात ती माईक हातात घेते, मुलींच्या शिक्षणावर, लग्नाच्या वयावर, कायद्यावर बोलते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदासुद्धा मी तिच्या तोंडी घातला. सगळे स्तब्ध होतात, आजी डोळे पुसते. मोठ्या उत्साहानं मी ते मुलींना वाचून दाखवलं. खोलीत शांतता होती. मग मागून एकजण म्हणाली, “असं बोलनी ना मॅडम, ते दुसरा दिन शाया बंद.” सगळ्या हसल्या. ते हसू माझ्यासाठी होतं. मला बरं वाटावं, मी वाईट वाटून घेऊ नये, म्हणून त्या हसत होत्या.

त्या एका वाक्यानं मला दुसऱ्या खर्ड्याचा सगळा खोटेपणा दाखवला. माईकसमोर बोलणाऱ्या वैजूला काही किंमत मोजावी लागत नव्हती. माझ्या विद्यार्थिनींना ती मोजावी लागते हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे घरच्यांनी रोज सकाळी नव्यानं द्यायची सूट. एसटीचा प्रवास मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, त्या पासाची घडी दप्तराच्या आतल्या कप्प्यात असते, पण बसमध्ये चढायचं की नाही हे पास ठरवत नाही. ज्या मुलीला हे कळतं तिला मी भाषण करायला लावलं होतं.

मग मी काही महिने लिहिणं थांबवलं आणि मुलींना बोलू दिलं. विषय ठरवला नव्हता. तुम्ही मोठ्या झालात असं तुम्हाला कधी वाटलं, एवढंच विचारलं. मला पाळी, पहिली साडी, लग्नाची बोलणी यांची अपेक्षा होती. पाळीचं आलं, आणि आलं ते बरं झालं, कारण मी ते पहिल्या खर्ड्यात साफ टाळलं होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खान्देशातली देवी, घरात बसते, घर पाहुण्यांनी भरतं, रात्रभर गाणी होतात. नेमकी त्याच वेळी पाळी आली म्हणून शेजारच्या ओसरीवर बसून आपल्याच घरातली गाणी ऐकावी लागली, असं एकीनं सांगितलं. तिला सगळ्यात जास्त आठवत होतं ते हे, की आपली माय कुठली ओळ चुकतेय हे लांबून नीट ऐकू येत होतं. तिची परवानगी घेऊन आणि तपशील बदलून तो प्रसंग मी घेतला. त्यावर एक शब्दही टिपणी केली नाही.

पण सगळ्यात जास्त मुलींनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. त्यांना मोठं झाल्यासारखं वाटलं होतं ते कुणाला तरी काहीतरी वाचून दाखवताना. आजीच्या औषधाची चिठ्ठी. बँकेचा कागद. काकाच्या मोबाइलवर आलेला निरोप, जो वाचून काकूला काय सांगायचं हा प्रश्न होता. एकजण म्हणाली, “मी जे वाचलं तेच सांगितलं, का दुसरं सांगितलं, हे कुणालाच कळत नाही ना मॅडम. मलाच माहीत असतं.”

ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. अकरावं प्रकरण तिथं सुटलं.

तिसऱ्या खर्ड्यात मी वैजूची फुई आणली. अप्पांची थोरली बहीण, शिरपूरकडे दिलेली, अंगठेबहाद्दर. दर आखाजीला येते, चार दिवस राहते, सांजोऱ्यांची पिशवी घेऊन परत जाते. वैजूला अंगाखांद्यावर खेळवलेली. आजोबा वारले आहेत, सातबाऱ्यावर वारस म्हणून फुईचंही नाव लागलं आहे. अप्पांना बोअर करायला कर्ज हवं आहे आणि त्यासाठी जमीन एकट्याच्या नावावर असली तर सोपं जाईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आहे. तेव्हा हक्कसोडपत्र. फुई आखाजीला येणारच आहे, दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन अंगठा द्यायचा. दस्तलेखकानं मसुदा दिला आहे आणि बजावलं आहे, घरी एकदा वाचून दाखवा, उद्या साहेब विचारतील.

हे लिहिण्यापूर्वी मला कायदा समजून घ्यावा लागला, कारण मुली विचारणार हे ठाऊक होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या मागे मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहेच. २००५ च्या दुरुस्तीनं तिला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं जन्मानं हक्क मिळाला, आणि वडील त्या वेळी हयात होते की नव्हते यावरून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मुलीच्या बाजूनं मिटवला. म्हणजे फुईचा हिस्सा कागदावर पक्का. आणि तो सोडण्याचा कागदही तितकाच पक्का, कारण स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. हे मी मुलींना सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “मग माझी आई पण?” मी हो म्हटलं. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

आता तो प्रसंग. आखाजीची संध्याकाळ, झोक्यावरून पोरी उतरल्या आहेत, ओट्यावर कंदिलाएवढ्या उजेडाचा बल्ब. अप्पांना अक्षर लावता येतं, सावकाश का होईना. तरी ते कागद वैजूच्या हातात देतात. का, तर फुईचा वैजूवर विश्वास आहे. पोरीनं वाचलं म्हणजे ते खरं. अप्पांना ते माहीत आहे, आणि वैजूला कळतं की अप्पांना ते माहीत आहे. ही जागा मी सात वेळा लिहिली. अप्पा दुष्ट दिसू नयेत, याची मला काळजी होती. दोन वर्षं पाऊस दगा देतोय, विहिरीला पाणी नाही, आणि बहिणीवर त्यांचा जीव आहे. मसुद्यावर त्यांचं बोट आहे आणि ते म्हणतात, “नावं तेवढी वाच. बाकीनं सगळं कायदानं शे.”

वैजू नावं वाचते. गटनंबर वाचते. मग थांबते. बोटाच्या खाली ओळ आहे : कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता. ती ओळ ती वाचते. अप्पांचं बोट पुढं सरकत नाही.

“मोबदला म्हंजे काय व?” फुई विचारते.

“पैसा, फुई. तू एक रुपया बी नही लिधा आनि तुना हिस्सा सोडी दिधा, असं लिखेल शे.”

माय चुलीपाशी उभी राहते. कुणी काही बोलत नाही. फुई पदराला बोट पुसते, जणू शाई आत्ताच लागली आहे.

“माले ठाऊक शे, बेटा. जमीन नही मांगस मी. आखाजीले येवाले दार उघडं पाहिजे, बस. पन पुरं वाच.”

वैजू पुरं वाचते. दुसऱ्या दिवशी फुई अंगठा देते.

वाचन संपल्यावर खोलीत भांडण झालं, आणि या सगळ्या काळातला माझ्या सगळ्यात समाधानाचा दिवस तो होता. अर्ध्या मुली चिडल्या. मग वाचून काय उपयोग झाला, अंगठा तर दिलाच! एक म्हणाली, वैजूनं कागद फाडायला हवा होता. दुसरी तिच्यावर उसळली, “फाटला तर दुसरा टाइप होतो. फुईला मात्र पुढच्या आखाजीला कोणी बोलावणार नाही.” माझं मत मी तेव्हा दिलं नाही, इथं देते. फुईचा निर्णय फुईचा आहे. माहेरच्या उघड्या दाराची तिनं काय किंमत लावली, ते ठरवण्याचा अधिकार सोळा वर्षांच्या भाचीला नाही आणि लेखिकेलाही नाही. आधी फुई न समजता देणार होती, आता समजून दिलं. तेवढा फरक वैजूमुळं पडला. मी तो फरक मोठा मानते. मुलगी मोठी होते म्हणजे तिच्या हाती निकाल येतो, असं आपण फार वेळा लिहितो. तिच्या हाती बहुतेक वेळा एखादी ओळ येते, आणि ती वाचायची की गाळायची हे तिला ठरवावं लागतं.

भाषेचं एक या प्रकरणात आपसूक सुटलं. आधीच्या दोन्ही खर्ड्यांत वैजू पहिल्या पानापासून माझ्यासारखी, पुस्तकी मराठी बोलत होती. शाळेत अहिराणी बोललं की हसतात, म्हणून माझ्या मुली माझ्याशी प्रमाण मराठीत बोलतात आणि बाहेर पायऱ्यांवर पोचल्या की अहिराणीत. मीही वर्षानुवर्षं वह्यांतलं ‘आहे’ऐवजीचं ‘शे’ लाल शाईनं खोडत आले. तिसऱ्या खर्ड्यात वैजू शाळेत बोली लपवते, बसमध्ये शहरातल्या मुलींसमोर मायला हळू बोलायला सांगते. आणि अकराव्या प्रकरणात त्या सरकारी मराठीचा अर्थ फुईपर्यंत पोचवायला तिला अहिराणीच लागते. मोबदला हा शब्द तिनं शाळेत शिकला, पण त्यातलं खरेपण फुईच्या बोलीत सांगितल्यावरच उतरलं. हे मी ठरवून केलेलं नाही. संवाद लिहायला बसले आणि वैजू दुसऱ्या भाषेत बोलेना.

याच जिल्ह्यातल्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरून घेतली म्हणून राहिली, आणि पुस्तक निघालं ते त्यांच्या मागे, १९५२ मध्ये. वैजूचं प्रकरण लिहिताना हे सारखं मनात येत होतं, की उतरून घेणाऱ्यानं एखादी ओळ गाळली असती तर आपल्याला कधी कळलंच नसतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवत होते. ‘श्याम’ आमच्या मुलींना पाठ आहे. मुलानं आईपाशी कसं वाढावं याची ती गोष्ट. मुलीनं बापापाशी कसं वाढावं, हे मला लिहायचं होतं. मायपाशी वाढणं त्या मानानं सोपं, निदान माझ्या वैजूला तरी.

परिणामांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या खर्ड्यात मोकाट सुटलेली वैजू आता किंमत मोजते. अप्पा तिच्याशी अकरा दिवस बोलत नाहीत. शाळा बंद होत नाही, पण वजनाची वही तिच्याकडून काढून भावाकडे दिली जाते. ही वही जाणं मुलींना फारसं मोठं वाटलं नाही, मला वाटलं. कारण मधल्या पानांत वैजूनं हळूहळू साडेअठरा लिहायला सुरुवात केली होती, आधी पेन्सिलीनं, मग पेनानं, आणि अप्पांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. फुईला ती ओळ वाचून दाखवण्याची ताकद तिच्यात अचानक आलेली नाही. त्या अर्ध्या किलोंतून आली आहे. पहिल्या खर्ड्यात तीन रुपयांबद्दल विचारणाऱ्या मुलीचं हे ऋण. ती आता कॉलेजात आहे, आणि मी तिला हे सांगितलं आहे.

एक प्रसंग मी लिहून काढून टाकला. त्यात सालदार पुढच्या वर्षाचा करार वैजूनंच वाचावा असा आग्रह धरतो. चांगला उतरला होता. पण वाचल्यावर एक मुलगी म्हणाली, “आता सगळे तिला शाबासकी देत आहेत,” आणि ती बरोबर होती. नायिकेच्या पाठीवर थाप मारणारा माणूस कादंबरीत शिरला की लेखिका दमली असं समजावं.

शेवट मी आखाजीपुढं ढकलला, कादंबरीचं वर्ष मोडून, दसऱ्यानंतरच्या पहिल्या वेचणीपर्यंत. वही भावाकडे आहे. वैजू ती पाहते. पहिल्या पानावर सगळे आकडे पूर्ण, अठरा, बावीस, सोळा, कुठंच अर्धा नाही. ती काही बोलत नाही, वही जागच्या जागी ठेवते आणि गृहपाठाला बसते. दुसऱ्या दिवशी शाळेची बस उशिरा येते. अंगणात ताणकाटा टांगलेला, भाऊ वही उघडून बसलेला, अप्पा काट्यापाशी. बाया ओळीनं उभ्या, डोक्यावर कापसाची गाठोडी. अंधार पडायला आला आहे आणि प्रत्येकीला घरी जाऊन भाकरी टाकायची आहे. पण वैजू दप्तर घेऊन फाटकातून आत येईपर्यंत एकीनंही गाठोडं खाली ठेवलेलं नाही.